झाडांचे आजार ओळखणारी माणसे संपवू नका: वनसंशोधन संस्थांच्या संचालक मंडळांना खुले पत्र

प्रति,
वनसंशोधन संस्थांची संचालक मंडळे आणि त्यांच्या निधीचा निर्णय घेणारे सर्व अधिकारी

महोदय, महोदया,

मी वनरोगतज्ज्ञ आहे. झाडे का वाळतात, मुळे कशाने कुजतात, एका झाडाचा रोग शेजारच्या झाडापर्यंत कोणत्या वाटेने पोचतो, हे शोधण्यात माझी सगळी नोकरी गेली. मी निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत माझ्या जुन्या संस्थेच्या मंडळाने तीन निर्णय घेतले. माझे पद न भरता व्यपगत केले. वृक्षरोग विभाग उपग्रह-सर्वेक्षण विभागात विलीन केला. आणि कित्येकांनी आयुष्य घालून जमवलेला बुरशींचा नमुनासंग्रह, जागेची अडचण सांगून, बाहेरच्या गोदामात हलवायचे ठरवले.

संस्थेचे नाव मी मुद्दाम घेत नाही. देशोदेशीचे सहकारी भेटले की हीच हकिगत ऐकायला मिळते. एकाच मंडळाला दोष देऊन माझे म्हणणे पुरे होणार नाही. ज्यांच्या पैशांवर या संस्था चालतात आणि ज्यांना ही जंगले हवी आहेत, त्यांनाही हे कळायला हवे, म्हणून पत्र उघडपणे लिहिते आहे.

पद रद्द करताना मुख्य कारण दिले गेले ते असे, की सध्या कुठलीही मोठी साथ नाही. साथ नाही, हे सांगायलाही साथ ओळखणारे माणूस लागते. ते जागेवर नसेल तर फक्त एवढेच म्हणता येते, की कोणी कळवलेले नाही.

झाडांचे रोग हळू चालतात, आणि त्यांची कारणे त्याहून हळू हाती लागतात. चंदनाच्या स्पाइक रोगाची पहिली नोंद 1899 मध्ये कोडगूत झाली. पाने बारीक होत जातात, ताठ उभी राहतात, फुले-फळे धरत नाहीत आणि झाड काही वर्षांत मरते. अनेकांनी अनेक तर्क केले. झाडाच्या अन्नवाहिन्यांमध्ये राहणारे सूक्ष्म जीव, ज्यांना आज आपण फायटोप्लाझ्मा म्हणतो, ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले 1969 मध्ये. सत्तर वर्षे! पश्चिम ऑस्ट्रेलियातली जारा या निलगिरी कुळातल्या वृक्षाची जंगले 1920 च्या दशकापासून वाळत होती. फायटोफ्थोरा सिनामोमी हा मातीत राहणारा जीव त्यामागे आहे, हे 1960 च्या दशकाच्या मध्यात सिद्ध झाले. तोपर्यंत रस्त्यांवर टाकलेल्या मुरुमातून आणि वाहनांच्या चाकांना चिकटलेल्या मातीतून तो दूरवर पोचलेला होता. कारण माहीत नसल्यामुळे माणसेच रोग पसरवत राहिली, आणि कोणाच्या मनात वाईट हेतू नव्हता.

पहिल्या महायुद्धानंतर युरोपातले एल्म वृक्ष मरू लागले, तेव्हा युद्धात वापरलेल्या विषारी वायूपासून दुष्काळापर्यंत सगळ्यांना जबाबदार धरून झाले. योहाना वेस्टरडाइक यांच्या नेदरलँड्समधल्या प्रयोगशाळेतल्या तरुण संशोधक बेआ श्वार्ट्स यांनी एक बुरशी वेगळी केली आणि 1922 मध्ये आपल्या प्रबंधात ती मांडली. पुष्कळांनी विश्वास ठेवला नाही. त्याच दशकाच्या अखेरीस क्रिस्टिने बाउसमन यांनी निरोगी झाडांना त्या बुरशीची लागण करून पुरावा पक्का केला. झाडाची नवी वाढ जोरात असते त्या काळात लागण केली तरच रोग धरतो. हंगाम चुकला तर प्रयोग फसतो, आणि फसलेल्या प्रयोगावरून बुरशी निर्दोष ठरते. एक प्रबंध पुरा झाला म्हणून ती प्रयोगशाळा बंद केली असती, तर हा वाद आणखी किती वर्षे चालला असता, याचा मंडळाने विचार करावा.

आता तुमच्या निधीच्या मुदती पाहा. प्रकल्प दोन वर्षांचा, फार तर तीन. त्यातला पहिला पावसाळा मंजुरी आणि खरेदीत जातो, शेवटचा अहवाल लिहिण्यात. मधल्या वेळात तरुण संशोधकाने रोग पाहायचा, कारण शोधायचे, लागण करून सिद्ध करायचे आणि उपायही सुचवायचे. जे रोप लावल्यावर लक्षण दिसायलाच तीन वर्षे लागतात, त्याच्यावर तो काय काम करणार? तो शहाणा असतो, म्हणून पटकन निकाल देणारा विषय निवडतो. गाभाकूज, मूळकूज, हळूहळू होणारी मर हे विषय कोणी घेत नाही. माझ्या हाताखाली शिकलेली चांगली मुले-मुली शेतीपिकांच्या रोगांकडे वळली. पीक एका हंगामात उत्तर देते. त्यांना मी कोणत्या तोंडाने थांबवणार होते?

दुसरी तक्रार उपग्रहांबद्दल आहे, आणि ती नीट समजून घ्यावी, कारण माझा त्या साधनाला विरोध नाही. डोंगरउतारावरचा पिवळा पडलेला पट्टा मला पायी शोधायला महिने लागले असते, तो चित्रात एका दिवसात दिसतो. पण वरून फक्त शेंडा दिसतो, आणि शेंडा विरळ होतो तेव्हा बहुतेक मुळे आधीच गेलेली असतात. दुष्काळ, मूळकूज, खोडात शिरलेली अळी, साचलेले पाणी, या सगळ्यांचा पिवळा रंग वरून सारखाच दिसतो. कुठे बिघडले एवढे चित्र सांगते. काय बिघडले ते झाडाच्या बुंध्याशी बसल्याशिवाय कळत नाही.

बुंध्याशी बसणे म्हणजे काय, तेही सांगते. पालापाचोळा हाताने बाजूला करायचा. मुळाच्या मानेपाशी साल ठोकून पाहायची. पोकळ आवाज येतो तिथे सुरीने थोडी साल उचलायची. साल आणि लाकडाच्या मध्ये पांढऱ्या, पंख्यासारख्या पसरलेल्या तंतूंचा पापुद्रा दिसला आणि ओल्या अळंब्यांचा वास आला, तर आर्मिलारिया ही मुळे कुजवणारी बुरशी आहे. मातीत, मुळांना लागून, तिचे काळे दोरे सापडतात. पापुद्रा नसेल आणि सालीच्या आतला भाग तपकिरी पडलेला असेल, तर मेलेला भाग आणि जिवंत भाग जिथे भेटतात ती कड शोधायची. नमुना त्या कडेवरूनच घ्यायचा. मधल्या मेलेल्या भागातून घेतला तर त्यात नंतर आलेल्या डझनभर बुरशी निघतात आणि खरी गुन्हेगार मिळत नाही. फायटोफ्थोरा असेल तर आणखी घाई, कारण नमुना वाळला की तो जीव वाढत नाही. शिवाय तो खऱ्या अर्थाने बुरशी नाही, तपकिरी शेवाळांच्या जवळचा आहे. बुरशीवरची पुष्कळशी औषधे त्याच्यावर चालत नाहीत. निदान चुकले की फवारणी वाया जाते आणि जंगलात विष तेवढे शिल्लक राहते.

अमेरिकेत ओरेगनच्या मालूर राष्ट्रीय वनात आर्मिलारियाची एकच बुरशी सुमारे 965 हेक्टरांवर पसरलेली आहे. मेलेल्या झाडांचे पट्टे आकाशातून दिसतात. पण त्या सगळ्यांखाली एकच जीव आहे, हे ठरवायला ठिकठिकाणचे नमुने पेट्री डिशमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या उथळ बशीत, एकमेकांशेजारी वाढवून पाहावे लागले: एकाच जीवाचे तुकडे असतील तर ते मिसळून जातात, वेगळे असतील तर मध्ये सीमारेषा पडते. ही कामे जोडीने चालतात. एक विभाग दुसऱ्यात विलीन करून ती जोडी मोडू नका.

डीएनए तपासणीबद्दलही हेच. वाळलेल्या फांदीच्या एका तुकड्यात शेकड्याने बुरशींचे डीएनए सापडते, त्यातल्या कित्येक निरोगी फांदीतही मुकाट राहत असतात. यादी मिळते, कारण मिळत नाही. कारण सिद्ध करायचे तर लागण करून वाट पाहावी लागते.

तिसरी गोष्ट संग्रहाची, आणि ती मला सर्वात जास्त लागली आहे. त्या खोलीत लोखंडी कपाटांत हजारो पाकिटे आहेत. तपकिरी कागदाची पाकिटे, आत वाळवलेला सालीचा किंवा लाकडाचा तुकडा, त्यावर बुरशीचे फळ. पाकिटावर शाईने लिहिलेले असते: कोणते झाड, कोणते ठिकाण, समुद्रसपाटीपासून किती उंचीवर, जिवंत मुळावर की मेलेल्या, कोणी गोळा केले, तारीख. काही अक्षरे पुसट झाली आहेत, हस्ताक्षरावरून मी माणूस ओळखू शकते. मंडळाच्या टिपणीत या सगळ्याला जुना साठा म्हटले आहे.

या जुन्या साठ्याचा उपयोग काय, ते अ‍ॅश वृक्षांवरच्या रोगाने दाखवले. 1992 मध्ये पोलंडमध्ये अ‍ॅशची झाडे वाळू लागली. त्या बुरशीला नाव मिळाले 2006 मध्ये, तोवर ती युरोपभर पोचत चालली होती. ती आली कुठून, हे कोडे होते. 2012 मध्ये जपानमधल्या नमुन्यांची पुन्हा तपासणी झाली तेव्हा लक्षात आले, की तीच बुरशी तिथे वेगळ्या नावाने आधीच नोंदलेली आहे आणि तिथल्या मांचुरियन अ‍ॅशच्या पडलेल्या पानांवर ती फारसा त्रास न देता राहते. पूर्व आशियातल्या झाडांना तिची सवय होती, युरोपातल्या झाडांना नव्हती. हे उत्तर मिळाले, कारण कोणीतरी एक निरुपद्रवी दिसणारी बुरशी गोळा करून, वाळवून, नोंद करून ठेवली होती आणि कोणीतरी ती फेकून दिली नव्हती.

वेस्टरडाइक यांच्याकडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बुरशींच्या जिवंत कल्चरचा, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या बुरशींचा, छोटासा संग्रह आला. त्यांनी तो आयुष्यभर वाढवला. आज उट्रेक्टमधली त्यांच्या नावाची संस्था जगातल्या सर्वात मोठ्या बुरशी-संग्रहांपैकी एक सांभाळते. संग्रह कपाटांवर टिकत नाही, सांभाळणाऱ्या माणसावर टिकतो. ओल, कसर आणि झुरळे यांना गोदामाचे कुलूप अडवत नाही. जिवंत कल्चर ठरावीक काळाने नव्या आगरवर, म्हणजे बुरशी वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमावर, घ्यावी लागतात. एकदा राहिले की ती वंशावळ संपली.

निरीक्षणाच्या कायम प्लॉटांबद्दल थोडक्यात. आमच्या आधीच्या शास्त्रज्ञांनी झाडांना क्रमांकाचे पत्रे ठोकून ठेवले होते, आणि आम्ही त्याच झाडांकडे पुन्हा पुन्हा जात राहिलो. कोणते झाड आधी आजारी पडले, कोणते शेजारी असूनही वाचले, हे तिथेच कळते. वाचलेले झाड मेलेल्या झाडाइतकेच मोलाचे आहे. इटलीत चेस्टनटवर करपा आला, आणि 1950 च्या सुमारास अंतोनियो बिरागी यांना काही झाडांच्या सालीवरच्या जखमा भरून येताना दिसल्या. पुढे फ्रान्समध्ये झां ग्रांत यांनी त्या जखमांतून दुबळी पडलेली बुरशी वेगळी केली. तिला एका विषाणूने दुबळे केले होते, हे नंतर कळले, आणि युरोपातले कितीतरी चेस्टनट त्यामुळे तगले. अमेरिकेत हाच रोग 1904 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात नजरेस आला आणि पुढच्या सुमारे 50 वर्षांत तीन ते चार अब्ज झाडे गेली असा अंदाज आहे. तिथे हा विषाणू तितका कामी आला नाही, कारण तिथल्या बुरशीचे परस्परांत न मिसळणारे प्रकार फार होते आणि विषाणू एकातून दुसऱ्यात सहज जात नव्हता. म्हणजे एका ठिकाणचे उत्तर उचलून दुसरीकडे चालत नाही. प्रत्येक जंगलात पाहणारे कोणीतरी लागते. तरीही आमच्या प्लॉटांचा प्रवासखर्च आता बंद झाला आहे, आणि पत्रे झाडांच्या सालीत बुजत चालले आहेत.

मग रोपांची आयात. चेस्टनटचा करपा, अ‍ॅशचा रोग, पांढऱ्या पाइनचा तांबेरा: हे सगळे रोग माणसाने झाडे किंवा लाकूड इकडून तिकडे नेल्यामुळे नव्या खंडांत पोचले. ब्रिटनमध्ये 2012 मध्ये अ‍ॅशचा रोग प्रथम सापडला तो आयात केलेल्या रोपांवर, एका रोपवाटिकेत. आयातबंदी आली त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, आणि तोवर रोग तिथल्या जंगलातही दिसू लागला होता. मुळांभोवती माती असलेले जिवंत रोप ही वृक्षरोगांची सर्वात सोयीची वाट आहे. बंदरावर पाने तपासली जातात, पण मातीतला फायटोफ्थोरा पानांवर दिसत नाही. आयातीचे नियम ठरवणाऱ्या बैठकांना वनरोगतज्ज्ञाला बोलावत नाहीत. साथ आल्यावर मात्र रात्री फोन येतो.

शेवटी वनरक्षकांची व्यथाही माझीच समजून मांडते. जंगलात रोज फिरणारे तेच. काहीतरी वेगळे त्यांनाच आधी दिसते. ते पिशवीत नमुना बांधून पाठवतात, आणि हल्ली त्यावर कोणी उत्तर देत नाही, कारण निदान करून पाठवलेले उत्तर शास्त्रज्ञाच्या मूल्यमापनात धरले जात नाही. शोधनिबंध धरला जातो. दोन-तीनदा उत्तर आले नाही की माणूस नमुना पाठवणे सोडतो. तो का सोडतो हे विचारायला आपल्यापैकी कोणी गेले आहे का?

मला हेही सांगितले गेले, की जंगलात रोग असणे नैसर्गिक आहे, सगळ्याला औषध शोधत बसायचे कारण नाही. हे वाक्य अर्धे खरे आहे आणि आमच्याच शास्त्राने ते शिकवले आहे. जर्मन वनरोगतज्ज्ञ रॉबर्ट हार्टिग यांनी 1870 च्या दशकात दाखवून दिले, की खोडाबाहेर दिसणारे बुरशीचे फळ आणि आतली कूज यांचा थेट संबंध आहे. कूज झाली म्हणून बुरशी आली असे नाही, बुरशी आली म्हणून कूज झाली. त्याच कुजीतून ढोल्या होतात, त्यांत पक्षी राहतात, लाकूड मातीत परत जाते. निरोगी जंगलात मरणारी झाडे असतातच. पण कोणते मरण जंगलाच्या चालीतले आणि कोणते बाहेरून आलेले, हे वेगळे करणे हेच तर आमचे काम आहे. ते करणाऱ्यालाच घरी पाठवून हा युक्तिवाद करता येणार नाही.

माझ्या मागण्या अशा:

वृक्षरोगाचे पद व्यपगत करण्याचा निर्णय मागे घ्या आणि ते कायमस्वरूपी भरा. जिथे असे पद निवृत्तीने रिकामे होणार आहे, तिथे नव्या माणसाची नेमणूक किमान दोन वर्षे आधी करा, म्हणजे जुन्याच्या बरोबर त्याला जंगल पायी पाहता येईल. सालीचा आवाज आणि कुजीचा वास अहवालात लिहून देता येत नाही.

संग्रह हलवू नका. त्याला एक प्रशिक्षित संग्रहपाल द्या, पाकिटांवरच्या नोंदींची छायाचित्रे घेऊन त्या सर्वांना पाहता येतील अशा ठेवा, आणि जिवंत कल्चरची एक प्रत दुसऱ्या संस्थेत ठेवण्याची व्यवस्था करा.

कायम प्लॉटांचा खर्च प्रकल्पांतून काढून संस्थेच्या नियमित अंदाजपत्रकात घाला. ही रक्कम मोठी नाही. गाडी, एक सहायक आणि पत्रे.

उपग्रह विभागाला जिथे जिथे पिवळा पट्टा दिसेल तिथे ठरलेल्या मुदतीत वनरोगतज्ज्ञाने प्रत्यक्ष जाऊन निदान नोंदवावे, असा नियम करा. वनरक्षकाच्या प्रत्येक नमुन्याला लेखी उत्तर द्या, आणि ते उत्तर शास्त्रज्ञाच्या मूल्यमापनात धरा.

रोपांच्या आयातीचे नियम ठरवणाऱ्या समित्यांवर वनरोगतज्ज्ञाला मताधिकारासह जागा द्या. मातीसकट जिवंत रोपे आणण्यावर कडक निर्बंध आणा.

आणि हे निर्णय कोणत्या तज्ज्ञांचे मत घेऊन झाले, ते जाहीर करा. माझ्या माहितीप्रमाणे या विषयातल्या कोणालाही विचारलेले नाही. विचारले असेल तर ते मत वाचायला मला आवडेल, आणि त्यात तथ्य असेल तर मी तसे उघडपणे लिहीन.

संग्रह हलवण्याची तारीख ठरली असल्याचे कानावर आले आहे. त्याआधी मंडळाची एक बैठक होणार आहे. त्या बैठकीत मला अर्धा तास द्यावा, ही विनंती. नवा माणूस नेमला जाईपर्यंत संग्रहाच्या नोंदी तपासण्याचे आणि वनरक्षकांच्या नमुन्यांना उत्तरे देण्याचे काम मी मानधन न घेता करायला तयार आहे. फक्त खोलीची किल्ली आणि एक सूक्ष्मदर्शक लागेल. लेखी उत्तराची वाट पाहते.

आपली,
एक निवृत्त वनरोगतज्ज्ञ